आमची वाटचाल : एक रंधा, एक खतकस आणि अडकलेले अकरा लाख

आमच्या सुतारकामाच्या माहितीपत्रकात मागच्या पानावर ‘आमची वाटचाल’ म्हणून चार ओळी असाव्यात, असं मुलगी म्हणाली. बसलो लिहायला. चार ओळींत मावेना, म्हणून हे लांबलंय.

बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं घर म्हणजे अस्सल कारकुनी घर. आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत, वडील रेल्वेत हिशेबाच्या टेबलावर. बारावीला गणिताने मला बुडवलं आणि 1989 साली मी आयटीआयत सुतारकामाला नाव घातलं. वडील आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते आईशी: “आता याला मुलगी कोण देणार?” आजी मात्र माळ ओढता ओढता म्हणाली, “सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं ते काय कारकून करायला?” आजीचं बरोबर होतं. 1890 साली निघालेल्या कलाभवनात हाताने करायच्याच विद्या शिकवत. पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्रातले खरे, पण सुरतेच्या सुतार घरातले. दादासाहेब फाळकेही तिथे शिकले. पुढे त्याचीच विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी झाली आणि तिथे पोरांना घुसवण्यासाठी आमचेच लोक देव पाण्यात घालू लागले. करवत धरायला नव्हे, ते सोडा.

वर्षाचा ट्रेड. घरी वाटायचं, महिन्याभरात पोरगा निदान पाट तरी करून आणेल. पहिला महिना आम्ही फक्त धार लावली. रंध्याचं पातं आधी पंचवीस अंशांवर घासायचं, मग दगडावर तीस अंशांनी शेवटचा हात. मागची बाजू आरशासारखी सपाट हवी. ती सपाट नसेल तर पुढून कितीही घासा, व्यर्थ. सर पातं घेऊन आमच्याच अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायचे. पातं नखात अडकलं तर पास, घसरलं तर “जा, दगडाकडे”. मी अकरा वेळा दगडाकडे गेलो. बोटांची सालं निघाली, आई हळद लावत बसायची.

मग करवत. रेघेच्या टाकाऊ बाजूने कापायचं, रेघ अर्धी उरली पाहिजे. आणि मग खतकस. सुतारांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो: लाकडाच्या कडेला समांतर रेघ ओढायचं हे हातभर सुद्धा नसलेलं हत्यार. एक दांडी, तिच्यावर सरकणारा ठोकळा आणि टोकाला एक पिन. पेन्सिलीची रेघ जाड असते, सांध्यात तेवढाच फरक पडतो. खतकसाची पिन लाकडात बारीक चर पाडते आणि पटाशी त्या चरात आपोआप बसते. कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या भोकात शिरणारं टोक, लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश घ्यायचा, म्हणजे दोन्हीकडची भिंत तेवढीच मजबूत राहते. हे सगळं त्या एका पिनेवर. परीक्षेआधी प्रत्येकाने आपलं खतकस स्वतः बनवायचं होतं. मी शिसवीचं बनवलं, ठोकळा दाबून बसवायला सागाची पाचर. ते माझ्या आयुष्यातलं पहिलं नीट झालेलं काम. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

एका शनिवारी सर आम्हाला रावपुऱ्यात तांबेकर वाड्यात घेऊन गेले. दिवाणांचा तो वाडा बघायला येणारे सगळे भिंतीवरची चित्रं बघतात. सर म्हणाले, “चित्रं नंतर. आधी मान वर करा.” खांब, तुळया, सांधे. तुळई खांबावर नुसती ठेवलेली नसते, खांब तिच्यात शिरलेला असतो, हे मला त्या दिवशी मान दुखेपर्यंत कळलं.

नंतर दोन वर्षं एका गुजराती मिस्त्रींच्या हाताखाली साइटवर सेंटरिंग, म्हणजे स्लॅब ओतताना खालून फळ्या-टेकूंचा आधार बांधायचं काम. फर्निचरवाले सेंटरिंगच्या सुताराला खालचा समजतात. मूर्खपणा आहे. कपाट तिरकं झालं तर गिऱ्हाईक कुरकुर करतं, टेकू तिरका झाला तर माणूस मरतो. मिस्त्री कॉंक्रीट पडण्याआधी टेकूची एकेक बल्ली हातोडीने ठोकत फिरायचे. घट्ट बल्लीचा आवाज वेगळा, सैल बल्लीचा वेगळा. म्हणायचे, “लाकडुं बोले छे, सांभळ.” लाकूड बोलतं, ऐक. काटकोन काढायला सहा, आठ, दहा फुटांचा त्रिकोण, लेव्हलला पाण्याची नळी. यापलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतं आणि त्यांची एकही स्लॅब झुकली नाही. घर बांधत असाल तर एवढं ध्यानात ठेवा: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस काढू देऊ नका, त्याहून मोठ्या स्लॅबचे चौदा. सहा मीटरवरच्या बीमखालचे तर एकवीस. ठेकेदाराला फळ्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात म्हणून तो तुम्हाला “शेठ, पक्कं झालंय” सांगेल. ऐकू नका.

1996 साली बडोद्याच्या वाडी भागात गाळा घेतला. तेव्हापासून 2014 पर्यंत काम होतं, पैसे येत होते, लग्न झालं, मुलगी झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2006 मध्ये एक सतरा वर्षांचा मुलगा कामाला आला. हात विलक्षण होता. नखावरची परीक्षा चौथ्या दिवशी पास. मला “काका” म्हणायचा, आमच्याकडे जेवायचा, गणपतीत मखर त्याचंच. आठ वर्षं मी त्याला काही लपवून ठेवलं नाही, हिशेबाची वहीसुद्धा. एकदा डव्हटेलचा, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या सांध्यांचा, असा खण त्याने केला की मी खिशातून माझं शिसवीचं खतकस काढून त्याला दिलं. 2014 च्या दिवाळीनंतर तो आला नाही. फेब्रुवारीत कळलं की त्याने मॉड्यूलर फर्निचरचं दुकान काढलंय आणि माझे दोन बिल्डर आणि पॉलिशवाला त्याच्याकडे गेलेत. जाण्याबद्दल माझं म्हणणं नाही, प्रत्येकाने आपला धंदा करावा. पण सांगून जावं. माझी कोटेशन्स त्याला पाठ होती, प्रत्येक ठिकाणी तो माझ्यापेक्षा बरोबर आठ टक्के खाली. आठ टक्के कुठून येतात ते या धंद्यातल्याला कळतं. स्वयंपाकघरात सिंकखाली सातशे दहा नंबरचं, पाण्याला टिकणारं मरीन प्लाय सांगायचं आणि तीनशे तीनचं साधं लावायचं. वर लॅमिनेट चढलं की बापालाही कळत नाही. दोन पावसाळ्यांनी कळतं.

हातातली कामं गेली म्हणून मी जे करायचं नाही ते केलं. बडोद्याच्या कडेला भायलीकडे एका बिल्डरचं चौऱ्याऐंशी फ्लॅटचं काम घेतलं, ॲडव्हान्स न घेता. मुख्य दाराच्या चौकटी सागाच्या, पाच बाय तीन इंचाच्या. एका चौकटीला पावणेदोन-दोन घनफूट लाकूड, म्हणजे नुसत्या चौकटींनाच दीडशेवर घनफूट वलसाडी साग, शिवाय आतली दारं. लाकूड उधारीवर उचललं. चौकटी बसल्या, त्यांना भिंतीत धरून ठेवणारे लोखंडी होल्डफास्ट गच्च झाले, आणि नोव्हेंबर 2016 मध्ये नोटा बंद झाल्या. बिल्डर म्हणाला, जानेवारीत. जानेवारीत म्हणाला, मार्चमध्ये. मे महिन्यात बिल्डरांसाठीचा रेरा कायदा आला, जुलैमध्ये जीएसटी, आणि प्रत्येक वेळी त्याला नवं कारण आयतं मिळालं. अकरा लाख चाळीस हजार. लाकूडवाले दारात येऊन बसायचे. पाच कारागिरांपैकी तीन सोडले. बायकोच्या पाटल्या गेल्या. मी रात्री गाळ्यात जाऊन विनाकारण पटाश्यांना धार लावत बसायचो. घरी झोप लागत नव्हती. बिल्डरकडून शेवटी अडीच लाख सुटले. बाकीच्या चौकटी भिंतीत चिणलेल्या आहेत, उपसून आणणार कुठून? त्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला माझ्या चौकटींना तोरणं लागली असतील. मी कधी बघायला गेलो नाही.

त्या दिवसांत बाई आल्या. शाळेतल्या निवृत्त मास्तरीणबाई, आमच्या गल्लीतल्याच. गाळा उघडला त्या आठवड्यात देव्हारा करून घेणारं माझं पहिलं गिऱ्हाईक. त्यानंतर दरवर्षी काहीतरी घेऊन यायच्याच: पोळपाटाचा पाय, पाटाची फट, झोपाळ्याची कडी. त्या दिवशी म्हणाल्या, “अरे, मागच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या बदलायच्यात. सगळे पैसे आत्ताच घे, मला पुन्हा बँकेत जायचा कंटाळा आहे.” मी खिडक्या बघायला गेलो. गुण्या लावून बघितला. काटकोन जागच्या जागी, साग जुना, खणखणीत. पुढची पन्नास वर्षं काही होणार नव्हतं. मी म्हणालो, “बाई, यांना काही झालेलं नाही.” त्या म्हणाल्या, “तू मला शिकवू नकोस. माप घे.” मापं घेतली. नव्या केल्या. जुन्या खिडक्यांचं लाकूड त्यांनी मलाच परत दिलं. त्याच सागाचं टेबल आज गाळ्यात आहे, त्याच्यावरच हे लिहितोय. बाई 2021 मध्ये गेल्या.

आता दरवर्षी आयटीआयची दोन मुलं उमेदवारीला येतात. आईबाप विचारतात, मशीन केव्हा देणार? सहा महिने नाही. हातकरवतीला जो सरळ चालवत नाही तो सर्क्युलर सॉने फक्त वेगात वाकडं कापतो. आणि मशीनला दया नाही. केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत सुतारांना हत्यारांसाठी पंधरा हजार मिळतात, पाच-सात दिवसांचं शिक्षण मिळतं. ज्याला काम येतं त्याने जरूर घ्यावं, ती योजना त्याच्यासाठीच आहे. पण काही पालक तेवढ्यावर पोरगा मिस्त्री झाला समजतात. पाच-सात दिवसांत माझं पातं नखात अडकलं नव्हतं. आणखी एक, गिऱ्हाइकांसाठी: चौकट आली की दोन्ही कर्ण टेपने मोजा. एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा, फरक असला तरी परत पाठवा, माझी असली तरी. आणि दार पावसाळ्यात तासून घेऊ नका. लाकूड फुगलेलं असतं, दिवाळीनंतर फट पडेल आणि शिव्या सुताराला.

मागच्या वर्षी एका लग्नात तो भेटला. त्याचं आता मोठं शोरूम आहे. वाकून नमस्कार केला, मीही “सुखी राहा” म्हणालो, तोंडातून निघून गेलं. मग म्हणाला, “काका, तुमचं खतकस अजून आहे हं माझ्याकडे. ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवलंय, लाइट लावून.”

काचेत. खतकस.

मी म्हटलं, पिनेला गंज चढला असेल. तो हसला. परत देतो असं काही म्हणाला नाही.