सेकंदाला एकच फ्लॅश

निपाणीकडून आजी, सून आणि साडेतीन वर्षांचा नातू आले होते. चिठ्ठीवर फक्त ‘फिट्स, ईईजी’. बेळगावात मेंदूच्या डॉक्टरांकडे मी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढते. चंदगडपासून गोकाकपर्यंतची माणसं येतात, निम्मं बोलणं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये.

डोक्याला पेस्ट लावून वायरी चिकटवेपर्यंत पोरगं रडून दमलं. तेवढ्यात आजी म्हणाली, “फिटचं एक असू दे बाई. पण हे आधी ‘आज्जी, पानी दे’ म्हणायचं. आता नुसतं आ-आ करालंय. चालता चालता पडालंय.” उशिरा बोलणारी मुलं रोज येतात. बोलणं येऊन गेलेलं मूल क्वचित.

शेवटी फोटिक, म्हणजे डोळ्यांसमोर दिव्याची उघडझाप. वेळ वाचवायला बरेच जण हळू वेग गाळतात. आमच्या सरांना ते खपत नाही, सेकंदाला एक फ्लॅश इथूनच सुरुवात. मला तो हट्ट कंटाळवाणा वाटायचा. त्या दिवशी दिवा लावला आणि डोक्याच्या मागच्या भागाच्या रेषांत फ्लॅशगणिक एक टोकदार स्पाइक उठू लागला. थांबवला, तर ते थांबले. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ओपीडी भरलेली असतानाही मी सरांना उठवून आणलं.

ते बराच वेळ स्क्रीन बघत राहिले. मग म्हणाले, “सीएलएन-२ असणार. टीपीपी-१ पाठवा.”

सीएलएन-२ हा मुलांच्या मेंदूचा आनुवंशिक आजार, टीपीपी-१ नसल्यानं होणारा. टीपीपी-१ हे पेशीच्या लायसोसोममधलं, म्हणजे टाकाऊ माल मोडणाऱ्या पिशवीतलं, एन्झाइम. तयार होतं तेव्हा ते निष्क्रिय असतं. तिथल्या आम्लात स्वतःचाच पुढचा तुकडा तोडून कामाला लागतं आणि प्रथिनांच्या टोकाकडून तीन-तीन अमिनो आम्लं कापत जातं. ते नसलं की न कापलेला माल चेतापेशीत साचतो आणि पेशी मरतात. मग पहिली दोन-अडीच वर्षं पोर चांगलं कसं होतं, हे मी सरांना विचारलंच. ते म्हणाले, निरोगी मेंदूतसुद्धा हे एन्झाइम जन्मानंतर हळूहळू वाढत दोनेक वर्षांनी मोठ्या माणसाइतकं होतं. आजाराची सुरुवातही साधारण त्याच सुमाराला.

फिल्टर पेपरवर वाळवलेले रक्ताचे थेंब लॅबला गेले. रिपोर्टमध्ये एन्झाइम जवळपास नव्हतंच. औषध आहे, 2017 मध्ये अमेरिकेत आणि युरोपात मान्यता मिळालेलं सर्लिपोनेज अल्फा. दर दोन आठवड्यांनी थेट मेंदूतल्या पोकळीत सोडायचं, कारण शिरेतून दिलं तर मेंदूपर्यंत पोचत नाही. त्यानं घसरण मंदावते. किंमत ऐकून मुलाचे वडील उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

सून म्हणजे आजीच्या भावाचीच लेक. मामाची पोरगी करायची पद्धत आमच्याकडं अजून आहे. दोष सुनेच्या माथी जाणार असं मी धरूनच चालले होते. सरांनी कागदावर झाड काढलं: बिघडलेल्या जनुकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून, दोन्ही बहुधा एकाच पणजोबा-पणजीकडून आलेल्या. आजी कागद बघत म्हणाली, “म्हंजे आमच्या आई-बाकडनंच की हे. माझ्यातनं बी आलंय.” सुनेकडं तिनं एकदाही बोट दाखवलं नाही.

सुनेला दुसरा महिना होता. प्रत्येक गरोदरपणात धोका 4 मध्ये 1. अकरा आठवड्यांनंतर वारेचा नमुना तपासता येतो, पण त्याआधी या मुलाच्या जनुकात नेमका कुठं बिघाड आहे ते कळायला हवं. म्हणून त्याच दुपारी मुलाचं आणि त्याच्या आई-वडिलांचं, तिघांचंही रक्त काढून घेतलं.