काळ्या मातीतलं सांडपाणी: कुही तालुक्यातली एक फेरी

नागपुरातल्या दिघोरीवरून उमरेड रोडला लागलं आणि कुही फाट्याला आत वळलं की दोन्ही बाजूंना काळी भारी जमीन लागते. धानाच्या बांध्या, मध्ये मिरचीची वावरं. नागपूरचा मैला घेऊन नाग नदी याच तालुक्यातून कन्हानकडे जाते. त्यामुळे सांडपाण्याचा विषय निघाला की बोट शहराकडे जातं, गावच्या नालीकडे कोणी बघत नाही. मी नालीच्या काठाकाठानेच फिरलो.

वाटेत सांडपाणी जमिनीत मुरवायचे शोषखड्डे दिसले, काठोकाठ तुंबलेले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचं नाव याच खड्ड्यांमुळे झालं, पण काळी माती ओली झाली की फुगते आणि पाण्याची वाट बंद होते. खोदण्याआधी साधी चाचणी करावी: खड्डा घ्या, रात्रभर पाण्याने भिजत ठेवा, सकाळी पुन्हा भरून पाणी किती उतरतं ते मोजा. २५ मिलिमीटर उतरायला ३० मिनिटांहून जास्त लागली, तर तिथे शोषखड्डा नकोच. खाली मुरूम हाताला लागत असेल तर गोष्ट वेगळी.

अशा जमिनीला गिट्टीचा वाफा आणि त्यात कर्दळ, म्हणजे नालीचं पाणी त्यातून सोडून स्वच्छ करायचं, हाच उपाय मला पटतो. नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने फायटोरिड या नावाने तो विकसित केला आहे. ५०० वस्तीचं गाव धरा. जलजीवन या नळपाणी योजनेच्या हिशोबाने माणशी ५५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के नालीत, म्हणजे रोज २२,००० लिटर. वाफ्यात ६० सेंटिमीटर गिट्टी, पाण्याची पातळी तिच्या माथ्यापासून १० सेंटिमीटर खाली. गिट्टीतली पोकळी सुमारे ४० टक्के, म्हणून चौरस मीटरला २०० लिटर मावतं. पाणी दोन दिवस थांबवायचं तर २२० चौरस मीटर लागतात, जवळपास सव्वादोन गुंठे. गिट्टी १० ते २० मिलिमीटरची, दोन्ही टोकांना मोठे दगड. गिट्टी धुऊनच टाकायची. चुरी राहिली तर पोकळी बुजते. खाली प्लास्टिकचा जाड कागद, नाहीतर उन्हाळ्यात भेगाळलेली माती पाणी पिऊन टाकते. बाहेरच्या तोंडाला फिरणारा एल्बो, म्हणजे काटकोनी पाईपजोड बसवावा. कर्दळ लावली की तो वर करून पाणी मुळांपर्यंत ठेवायचं, झाडांनी जीव धरला की हळूहळू खाली आणायचं.

खर्च सगळा वाफ्यावर होतो, पण वाफा जगतो तो त्याच्या आधी गाळ अडवणाऱ्या टाक्यावर. नालीत राख, शेण, तेलाचा थर, प्लास्टिकच्या पन्न्या, सगळंच येतं. त्यासाठी २० मिलिमीटर फटींची तिरपी जाळी, मग ४ बाय २ मीटरचं, दीड मीटर पाण्याचं टाकं. पहाटेपासून नऊपर्यंत पाण्याचा लोंढा येतो, तेव्हा अर्ध्या दिवसाचं पाणी थांबवणारं टाकं लागतंच. बाहेर जाणारा पाईप टी आकाराचा, त्याचं खालचं तोंड पाण्यात ३० ते ४० सेंटिमीटर बुडालेलं, म्हणजे वरचा तेलकट थर आत अडतो. काठी घालून गाळ मोजायचा, एक तृतीयांश भरला की उपसायचा. इथे टाळाटाळ झाली तर गाळ थेट गिट्टीत जातो. मग सुरुवातीच्या दगडांवर काळं पाणी साचतं, वास सुटतो, डास होतात. तेवढी गिट्टी काढून धुण्याशिवाय इलाज उरत नाही.

दोन गोष्टी आराखड्यात नेहमी सुटतात. एक, पावसाचं पाणी. पहिल्या झडीत नाली भरून वाहते, म्हणून जाळीच्या आधीच बाजूने वाट काढून द्यावी. दुसरी, शौचालयाच्या टाकीचा पाईप गुपचूप नालीत सोडलेला असतो. वरचा हिशोब न्हाणी-मोरीच्या पाण्याचा आहे, मैल्याचा नाही. काम सुरू करण्याआधी घरोघरी पाईप तपासलाच पाहिजे.

वाफ्याला तारेचं कुंपण हवं, शेळ्यांना कर्दळ आवडते. वाढलेली कर्दळ अधूनमधून कापून बाहेर टाकावी, तिथेच कुजू देऊ नये. बाहेर पडणारं पाणी बांधावरच्या झाडांना, चाऱ्याला द्यावं. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला, सांबाराला (कोथिंबिरीला) ते अजिबात नको.