एका भरलेल्या सिलिंडरचा फरक

अ‍ॅव्हेंजर विकायची, हे ठरवायलाच मला दीड वर्ष लागलं. २०१६ साली घेतलेली बजाज अ‍ॅव्हेंजर २२० मोटरसायकल. नऊ वर्षांत ६४ हजार किलोमीटर झाले, कोकणात उतरणारे आमच्या बाजूचे सगळे घाट झाले, आणि आईला मागे बसवून कुणकेश्वराच्या तर किती फेऱ्या झाल्या याची मोजदाद नाही. माझी उंची पाच फूट तीन इंच. अ‍ॅव्हेंजरची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटरवर, त्यामुळे सिग्नलला दोन्ही पाय अख्खे टेकायचे. त्या टेकणाऱ्या पायांच्या जोरावरच मी एवढी फिरले.

पण तिचं पोट फार खाली आहे. भुईबावड्याच्या खड्ड्यांत इंजिनाखाली दगड घासल्याचा आवाज आला की माझ्याच पोटात कालवायचं. शिवाय पाय पुढे ताणून बसल्यावर रस्त्याचा प्रत्येक दणका थेट माकडहाडात जातो. तिशीत ते चाललं. चाळिशीनंतर गगनबावडा गाठेपर्यंत कंबर धरायला लागली.

म्हणून उंच, सरळ बसून चालवायची टूरिंग गाडी घ्यायची ठरवली. बघता बघता यादी दोनच नावांवर आली: रॉयल एन्फील्डची हिमालयन ४५० आणि सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स.

कागदावर ही लढत नव्हतीच. हिमालयनचं इंजिन ४५२ सीसी, ताकद ४० पीएस, टाकी १७ लिटरची, पुढचं चाक २१ इंची. व्ही-स्ट्रॉम २४९ सीसी, साडेसव्वीस पीएस, टाकी १२ लिटर, पुढचं चाक १९ इंची. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, एकीचा २३० मिलिमीटर, दुसरीचा २०५, आणि अ‍ॅव्हेंजरच्या १६९ पुढे मला दोन्ही भरपूर. माझ्यासारखीने सगळ्यात आधी बघायचा आकडा सीटच्या उंचीचा. तिथंही हिमालयनच बरी दिसत होती. तिची सीट ८२५ मिलिमीटरवर बसवता येते, व्ही-स्ट्रॉमची ८३५. एक सेंटिमीटर तर एक सेंटिमीटर! मी मनातून हिमालयन घेऊन मोकळी झाले होते.

वजनाचा आकडाही वाचला होता, १९६ आणि १६७. पण २९ किलो म्हणजे नेमकं किती, हे डोक्यात उतरलं नव्हतं.

ते आमच्या मिस्त्रींनी उतरवलं. नऊ वर्षं माझी गाडी त्यांच्याच हाताखाली आहे. अ‍ॅव्हेंजरचं ऑइल बदलता बदलता त्यांनी विचारलं, "ताई, चालवून बघितली म्हणताय, ढकलून बघितली का?" मी म्हटलं, शोरूममध्ये कोण ढकलू देतंय? ते म्हणाले, "चालत्या गाडीला वजन नसतंय. ती उभी राहिली की खरं वजन कळतंय. मागं ढकलून बघा, चढावर. मगच पैसे भरा." आणि वर म्हणाले, "दोन गाड्यांत एका भरलेल्या सिलिंडरचा फरक आहे, ध्यानात ठेवा."

घरी येऊन मी सिलिंडरवरचे आकडे वाचले. आतला गॅस १४.२ किलो, रिकामी टाकी साधारण पंधरा. बेरीज एकोणतीसच्या वर. हा सिलिंडर मी महिन्या-दीड महिन्याला कडेवर तिरका करून, बुडावर फिरवत गॅलरीतून ओट्याखाली नेते. तोच सिलिंडर गाडीवर कायमचा बांधलाय असं समजायचं आणि एका पायाच्या चवड्यावर सगळा तोल धरायचा. तेव्हा कुठं त्या आकड्याला माझ्या हातात वजन आलं.

शोरूमचा अनुभव थोडक्यात सांगते, कारण त्यात शिकण्यासारखं कमी आणि मनस्ताप जास्त. एका ठिकाणी सोबत आलेल्या भावालाच सगळी माहिती दिली जात होती. गाडी मी घेणार, लायसन्स माझं, आणि "मॅडमना झेपंल का?" हा प्रश्न त्याला. त्याने शांतपणे सांगितलं, मला गिअरची गाडीच चालवता येत नाही, तुम्ही तिच्याशी बोला. टेस्ट राइड मिळाली ती तीन किलोमीटरची, सपाट रस्त्यावर, मागे त्यांचा माणूस बसवून. एवढ्यावर तीन लाखांचा निर्णय घ्यायचा नसतो, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. गाडी असलेलं ओळखीचं माणूस शोधा, दोन दिवस मागून घ्या, टाकी फुल करून परत द्या.

मला तसं माणूस शाळेतच मिळालं. आमच्या क्रीडाशिक्षकांकडे हिमालयन आहे, अगदी पहिल्या लॉटमधली. १५ ऑगस्टचं झेंडावंदन उरकलं आणि सरांनी किल्ली हातात दिली. कोल्हापूर-कराड, पुढे पाटण, कोयना, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर, आणि धोपाव्याहून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या बोटीने, खाडी ओलांडून दाभोळ असा बेत होता.

महामार्गावर ती गाडी म्हणजे सुख. कामामुळे जागोजागी डायव्हर्जन, उखडलेलं डांबर, मध्येच खडी, आणि तिची सस्पेन्शन दोनशे मिलिमीटर खाली-वर होऊन सगळं गिळत होती. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये मूठ जरा पिळली की ट्रक मागे. कुंभार्लीत धुकं, पाऊस, वळणावर वाहून आलेली माती. एकदाही जीव घाबरा झाला नाही. कंबर दुखली नाही. गुहागरला पोचले तेव्हा घरी फोन करून सांगितलं, हीच घ्यायची.

दुसऱ्या दिवशी धोपाव्याला गाडी सरळ बोटीत चढवली. माझ्या मागून तीन चारचाकी आल्या. बोटीचं तोंड एकाच बाजूला, म्हणजे दाभोळला गाडी मागे घेतच उतरायचं. वळवायला जागा नाही. त्यात ओहोटी, त्यामुळे बोट खाली आणि धक्क्याचा उतार वर. बोटीच्या पत्र्यावर पाऊस आणि खारं पाणी, धक्क्यावर शेवाळ. मी सीटवर बसून चवड्यांनी मागे रेटायला लागले. पहिल्या रेट्यात गाडी वीतभर सरकली, दुसऱ्यात तेवढीही नाही. तिसऱ्या वेळी उजवा चवडा पत्र्यावरून सटकला आणि गाडी डावीकडे झुकली. ती मी मांडीने धरली. किती वेळ धरली ते आठवत नाही. पण मांडीची शीर ताणून अक्षरशः थरथरत होती ते आठवतं. दोन खलाशी धावले, एकाने मागचा रॅक धरला, दुसऱ्याने हँडल. "उतरा ताई, आम्ही घेतो." मी उतरले. त्यांनी गाडी वर नेऊन साइड स्टँडवर लावली.

त्यात गाडीचा काही दोष नव्हता. माझ्या उंचीला आणि माझ्या ताकदीला तो सिलिंडर जड होता, एवढंच. आणि तो एक सेंटिमीटरचा फायदा? सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि कमी उंचीवरही पाय तेवढाच अधांतरी राहतो. कागदावर फक्त उंची लिहितात, रुंदी लिहीत नाहीत. सीटचा आकडा बघून गाडी ठरवू पाहणाऱ्या प्रत्येक बाईने आणि बुटक्या पुरुषाने हे ध्यानात ठेवावं.

पुढच्या रविवारी भावाच्या मित्राची व्ही-स्ट्रॉम आणली. तिला घेऊन मी कुठंच गेले नाही. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगला रस्त्याकडे चढणारा उतार आहे. पाऊस पडून गेल्यावर तिथंच ती उलटी वर ढकलली. एकदा बसून, एकदा उतरून, एकदा मागे दोन गोण्या तांदूळ बांधून. बसून ढकलताना पायाचा चवडाच टेकत होता, तो तर हिमालयनवरही तेवढाच टेकायचा. पण रेटल्यावर गाडी सरकत होती. झुकली तर परत सरळ करता येत होती. मग गाडी मुद्दाम जुन्या गादीवर आडवी केली आणि पाठ तिच्याकडे करून, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचा रॅक धरून, पाय मागे रेटत उचलली. दुसऱ्या प्रयत्नात उभी राहिली. सरांच्या गाडीच्या बाबतीत हा प्रयोग करायची माझी हिंमतच झाली नसती.

दोन हिशेब तेवढे मांडले. व्ही-स्ट्रॉमची टाकी लहान म्हणून लोक नाक मुरडतात, पण तिचं ॲव्हरेज पस्तीसच्या आसपास, म्हणजे बारा लिटरमध्ये चारशेवर किलोमीटर. हिमालयनने मला अठ्ठावीस दिलं, सतरा लिटरमध्ये पावणेपाचशे. फरक पन्नास-साठ किलोमीटरचा, आणि तेवढ्यात आपल्याकडे दोन पंप लागतात. दुसरं, व्ही-स्ट्रॉमला अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर आहेत. सरांच्या गाडीला स्पोकचं चाक आणि ट्यूब. ट्यूबलेस स्पोक नंतर आले. घाटात पंक्चर झालं तर भोकात रबराची स्ट्रिप घालून, छोट्या पंपाने हवा भरून मी पंधरा मिनिटांत निघू शकते. ट्यूबसाठी चाक खोलावं लागतं.

सर म्हणाले, "उद्या लडाखला जायचं म्हटलं तर?" प्रश्न रास्त होता आणि मी त्याचा विचार केला. पाच हजार मीटरच्या वर हवा जवळपास निम्मी होते, इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात उतरते. तिथं चाळीसचे वीस उरतात आणि सव्वीसचे तेरा. तेरा पीएसवर चढ चढायला वेळ लागेल, खरं आहे. पण माझ्या वहीत नऊ वर्षांतले ६४ हजार किलोमीटर लिहिलेले आहेत, आणि त्यातले बहुतेक गगनबावडा, आंबा, फोंडा आणि आंबोली या चार घाटांचेच आहेत.

बुकिंग ऑगस्टअखेरीस केलं. ३ सप्टेंबरला जीएसटीचा निर्णय आला: ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर २८ टक्क्यांचे १८, आणि त्यावरच्यांवर सेस धरून ३१ होते त्याचे ४०, लागू २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवशी. व्ही-स्ट्रॉम शोरूम किमतीत दोन लाखांच्या आत आली, हिमालयन तीन लाखांच्या वर गेली. दोघींतला सत्तर हजारांचा फरक एका निर्णयात लाखाच्या पुढे गेला. शिवाय महाराष्ट्रात रस्ता कर २९९ सीसीपर्यंत ११ टक्के, वर १२. लोकांना वाटतं मी स्वस्तात मिळाली म्हणून ही घेतली. तसं नाही. जेटीवरच ठरलं होतं. वाचलेल्या पैशांत क्रॅश गार्ड, सॅडल बॅग आणि आईसाठी चांगलं हेल्मेट आलं, एवढंच.

आईचं मत मी शेवटी घेतलं, ही माझी चूक. ती सदुसष्ट वर्षांची आहे. अ‍ॅव्हेंजरवर ती खुर्चीत बसावी तशी बसायची, पाठीला टेकू होता. नव्या गाडीकडे बघून म्हणाली, "हिच्यावर चढायचं म्हंजे माळ्यावर चढल्यागत हाय की गं." आणि बरोबर होतं तिचं. पहिले दोन दिवस मी फक्त तिच्या चढण्याउतरण्याचा सराव घेतला: मी दोन्ही ब्रेक धरून बसायचं, तिने माझ्या खांद्यावर हात टाकून डाव्या फूटरेस्टवर उभं राहायचं, मग पाय पलीकडे. टॉप बॉक्स बसवून त्याला पाठीचा टेकू लावून घेतला, तेव्हा तिचा राग गेला.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाडी घरी आली. आता चार हजार किलोमीटर झालेत. हिमालयनची उणीव कुठं जाणवते तेही सांगते: महामार्गावर, आईसह, चढाला ट्रक ओलांडताना. गिअर एक खाली टाकावा लागतो, कधी दोन, आणि समोर जागा आधीपेक्षा जास्त बघावी लागते. खराब रस्त्यावर दणकाही थोडा जास्त पोचतो. सर सोबत असले की ते पुढे निघून जातात आणि कराडच्या अलीकडे चहाला थांबतात.

डिसेंबरात आईला घेऊन पुन्हा दाभोळला गेले. ओहोटीच होती. आई आधी उतरून धक्क्यावर जाऊन उभी राहिली, दोन्ही हेल्मेटं पोटाशी धरून. मागच्या वेळचाच एक खलाशी पुढे आला. मी त्याला म्हटलं, दादा, फक्त मागे बघा, कुणी येत नाही ना. त्याने हात वर करून मागचा रिक्षावाला थांबवला, आणि मी चवड्यांनी रेटत, पाच रेट्यांत, गाडी धक्क्यावर आणली.