कढीपत्ता संपला, ईश्वरीची वेल तशीच: बोळातल्या बागेची पावसाळी अपडेट

मुख्य बातमी आधी सांगते, कढीपत्ता साफ झालाय. गणपतीत अंगभर पानं होती, झाड चांगलं साडेचार फुटी, आणि आता बघावं तर शेंड्याला सहा कोवळी पानं आणि खाली नुसत्या काड्या. सासूबाई सकाळी पोह्यांसाठी पानं तोडायला गेल्या त्या रिकाम्या हाताने परत आल्या. "अगं बकरी शिरली होती का काय बोळात?" म्हटलं नाही आई, फुलपाखरांच्या अळ्या आहेत. "मग मार की!" आणि झालं, आमचा दर पावसाळ्यातला वाद सुरू.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात, आमचं घर साताऱ्यात आहे, पूर्वेला भिंत आणि कंपाउंडच्या मधे 4 फूट बाय 22 फुटांचा बोळ, वर गच्चीत पंधरा-सोळा कुंड्या, बस एवढीच बाग. 2022 च्या पावसाळ्यात सुरुवात केली. पहिल्या वर्षी सगळे करतात तेच केलं, नर्सरीत गेले आणि जे रंगीत दिसलं ते उचललं, पिटुनिया, झेंडू, घरी येऊन वाट बघत बसले की फुलपाखरं कधी येतायत. आली की, यायची आणि दोन मिनिटं थांबून निघून जायची, हॉटेलात चहा पिऊन गेल्यासारखी. मुक्कामाला कुणी नाही. कारण मध कुठलंही फूल देईल पण अळीला तिचंच पान लागतं, आणि ते पान बहुतेक वेळा आपण तण म्हणून उपटलेलं असतं. टाकळा घ्या. पावसात आपसूक उगवतो, कोवळा असताना भाजी करतात, आणि त्यावर त्या छोट्या पिवळ्या फुलपाखरांची अळी वाढते. मी पहिल्या वर्षी दोन घमेली टाकळा उपटून टाकला होता, आता आठवलं की कसंतरी होतं.

हळदीकुंकू नावाचं झुडूपपण लावलं होतं. त्यावर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या येतात, खोटं नाही, पण झाड अमेरिकेकडचं. आपली रुई असताना ते कशाला असं वाटलं म्हणून काढलं आणि कंपाउंडच्या कोपऱ्यात रुईचं रोप राहू दिलं. शेजारच्या काकू म्हणाल्या दारात रुई बरी नाही, मी म्हटलं मारुतीला पानं लागतात ना शनिवारी, मग गप्प बसल्या. घाणेरीचंही तेच, फुलपाखरं झुंबड करतात म्हणून लोक मुद्दाम लावतात, पण पक्षी फळं खाऊन बिया डोंगरभर टाकतात आणि मग तिथे दुसरं काही उगवायची पंचाईत. आमच्याकडे लावायची नाही असं ठरलंय.

या वर्षीचा हिरो म्हणजे खुळखुळा. बिया गेल्या वर्षी रस्त्याकडेच्या वाळलेल्या झाडावरच्या शेंगांतून आणल्या होत्या (कासच्या पठारावरून नाही हं, तिथून बी पण उचलायचं नाही, रोप तर लांबच), रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सरळ जमिनीत टोचल्या, मुरमाड माती, खत वगैरे काही नाही. वीसपैकी तेरा आल्या. फुलं पिवळीधमक, त्यावर मोठे काळे भुंगे, पण खरी मजा झाड सुकायला लागल्यावर. एक फांदी वाऱ्याने मोडून लोंबत होती, मी कापणार होते, कंटाळा केला म्हणून राहिली, आणि चार दिवसांनी बघते तर त्या वाळक्या फांदीला अकरा ब्लू टायगर फुलपाखरं लटकलेली! हिरव्या पानाकडे एकही नाही, सगळी वाळक्यावर, पायांनी खरवडतायत आणि सोंडेने चाटतायत. हे बहुतेक सगळे नर असतात. खुळखुळ्यात जी अल्कलॉइड्स नावाची रसायनं असतात ती त्यांना मादीला बोलवायचा गंध तयार करायला लागतात. इतकी गुंग होती की मी मोबाईल वीतभर अंतरावर नेला तरी हलली नाहीत. तेव्हा मोडकी फांदी लगेच कापू नका एवढंच सांगते.

आता वाईट बातमी. कढीपत्ता संपत आला तेव्हा अजून नऊ अळ्या लहान होत्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अवस्थेतल्या, पाच-सहा दिवस तरी खायला हवं होतं. मी शहाणपणा करून नर्सरीतून लिंबाचं रोप आणलं, छान चकचकीत, एका पानाला भोक नाही. तिथेच डोकं चालायला हवं होतं. अळ्या अलगद ब्रशने उचलून त्यावर ठेवल्या, संध्याकाळी खातही होत्या, आणि सकाळी सात खाली मातीत, दोन पानाला लटकून मेलेल्या. औषध मारलेलं रोप. वरून पाणी मारून उपयोग नसतो कारण काही औषधं झाडाच्या रसातच भिनतात. आता ते रोप गच्चीत वेगळं ठेवलंय, जाळी घालून, जुनी पानं काढून टाकली, नवी फूट दोन-तीनदा आली की मगच बघू. अजूनही तो नऊचा आकडा वहीत लिहिलेला दिसला की वाईट वाटतं. कुणीही नवं रोप आणलं तर निदान काही आठवडे अळ्यांपासून लांब ठेवा, आणि जमेल तर बी किंवा फांदी ओळखीच्या माणसाकडूनच घ्या.

ज्या मोठ्या झाल्या होत्या त्या मात्र वाचल्या. हिरव्यागार, जाडजूड, बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंग बाहेर काढतात आणि असला उग्र वास येतो की विचारू नका. चार कोष सापडले, त्यातला एक कुंडीच्या काडीला म्हणून तपकिरी आणि एक पानामागे म्हणून हिरवा, एकाच आईची पोरं असतील बहुतेक.

मधमाश्यांबद्दल थोडं. तुळशीवर निळ्या पट्ट्यांच्या, पोळं न करता एकट्या राहणाऱ्या मधमाश्या येतायत, अमेगिला नावाच्या. रात्री टॉर्च घेऊन गेले तर तुळशीच्या वाळक्या मंजिरीला पाच जणी, म्हणजे पाच नर, जबड्याने काडी धरून ओळीने झोपलेले. आणि पान कापणाऱ्या माशीने तुरीच्या पानांना कंपासने आखल्यासारखे गोल काप मारलेत आणि घरटं कुठे केलं माहितीये? मी बांबूचे तुकडे बांधून ठेवले होते ते सोडून पाण्याच्या पाइपच्या तोंडात. आता महिनाभर बादलीने पाणी घालतेय.

आणि ईश्वरी. तीन वर्षं झाली वेल लावून, जाळी भरली, पण ज्यासाठी लावली ती कॉमन रोज फुलपाखराची मादी काही अंडी घालेना. परवा दुपारी काळं फुलपाखरू, मागच्या पंखांवर पांढरं-लाल, शेपट्या, थेट बोळात शिरलं. मी भात गॅसवर तसाच ठेवून पळाले. वेलीच्या वरून गेलं, वेलीकडे ढुंकूनही बघितलं नाही, पुढे जाऊन त्या उघड्याबोडक्या कढीपत्त्याच्या सहा पानांवर पोट वाकवून एकेक अंडं! तेव्हा नीट बघितलं, अंग काळं. खऱ्या रोजचं अंग लाल असतं. ही कॉमन मॉर्मनची मादी, विषारी रोजचं सोंग घेऊन फिरणारी, पक्ष्यांना फसवायला. पक्ष्यांचं माहीत नाही, मी मात्र पुरती फसले. भात लागला तो वेगळाच.

पुढे काय, तर माकडलिंबूचं रोप शोधतेय. नीलवंत, 2015 पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, या महिन्यात दोनदा गच्चीवरून गेलं, लिंबाच्या कुळातलं मोठं झाड असतं तर कदाचित थांबलं असतं. तरवडाच्या बिया उकळत्या पाण्यातून काढून पेरल्यात, अजून हालचाल नाही. खुळखुळ्याच्या बिया भरपूर आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी कळवा, शेंगा पुरत्या वाळल्या की काढते.

आई काल मंडईतून येताना पाच रुपयांचा कढीपत्ता घेऊन आल्या. निवडून झाल्यावर त्यातल्या दोन काड्या बाजूला काढून म्हणाल्या, "ह्या तुझ्या त्यांना चालतील का?" औषध असेल त्यावर, म्हणून नको म्हटलं.