कापडावरून पोर्सेलीनवर : नाशिकमधला माझा अनुभव

कॉलेज रोडवर माझं बुटीक आहे. लग्नाचे घागरे, ब्लाउज, पैठणीची जॅकेटं यात बरीच वर्षं गेली. आता मी घरासाठीची मालिका काढली आहे : पोर्सेलीनची ताटं, वाट्या, कॉफीचे मग आणि त्यांच्या जोडीला टेबल रनर, उशांचे अभ्रे. पुष्कळ जणी विचारतात, म्हणून लिहिते आहे. पण आधीच सांगते, मला खरं दमवलं ते ताटातून शिसं उतरतं का हे सांगणाऱ्या एका चाचणी अहवालाने. त्यामुळे त्याबद्दलच जास्त येईल.

"कपडे शिवणारी ताटं कशी काढणार?" हे मी खूप ऐकलं. फॅशन डिझायनर राल्फ लॉरेन यांनी १९८३ मध्ये घरासाठीची मालिका आणली. डिझायनर व्हर्साचे यांनी १९९२ पासून जर्मनीच्या रोझेनथल या पोर्सेलीन कंपनीबरोबर पोर्सेलीन काढलं. काठ, रंग आणि नक्षीची पुनरावृत्ती आम्हाला आधीपासून येते, त्यामुळे ही वाट मला तरी परकी वाटली नाही.

फरक पडतो तो गोलाईत. येवल्याच्या पैठणीचा नारळी काठ साडीवर सरळ धावतो, कुठे संपला तरी चालतं. ताटावर तो स्वतःला येऊन मिळावा लागतो. माझ्या ताटावर काठाची रेषा २५ सेंटिमीटर व्यासावर आहे, म्हणजे परीघ साधारण ७८.५ सेंटिमीटर. नक्षीचं ५ सेंटिमीटरचं रिपीट त्यात पूर्ण बसत नाही, म्हणून ते ४.९ चं करून १६ वेळा घेतलं. शिवाय डेकलची, म्हणजे भांड्यावर चिकटवून भाजायच्या छापील नक्षीची, पट्टी कमानीसारखीच आखायची. सरळ पट्टी वाकवली की चुण्या पडतात आणि भट्टीतून आल्यावर त्या कायमच्या राहतात.

पांढरा कोरा माल बाहेरून घ्यायचा, त्यावर छापलेलं डेकल पाण्यात भिजवून सरकवायचं, खालची हवा आणि पाणी रबराने नीट काढायचं, वाळवायचं आणि साधारण ८०० अंशांना पुन्हा भाजायचं. ग्लेझवरचं, म्हणजे भांड्याच्या काचेसारख्या लेपावरचं, काम एवढंच, आणि शिवणकाम जाणणाऱ्या हातांना ते लवकर जमतं. भट्टीची हवा सुरुवातीला मात्र मोकळी ठेवा, डेकलवरचं लॅकर जळतं तेव्हा त्याचा धूर बाहेर जायला जागा हवी.

आता त्या अहवालाकडे. मला कुंकवासारखा लाल हवा होता. सिरॅमिकमधला असा भडक लाल बहुधा कॅडमियम-सेलेनियमच्या रंगांतून येतो, आणि ग्लेझवरच्या काही रंगांच्या फ्लक्समध्ये, म्हणजे रंग वितळून बसावा म्हणून घातलेल्या द्रव्यात, शिसं असू शकतं. कॅडमियम आणि शिसं दोन्ही विषारी. माझा काठ ताटाच्या आत आहे, आमटी त्याला लागणार. गंगापूर धरणाकडच्या एका रिसॉर्टला शंभरेक ताटं हवी होती. त्यांनी अहवाल मागितला आणि तो मागायलाच हवा होता. माझ्या ताटात कुणाचं तरी मूल जेवणार आहे.

चाचणी साधी आहे. भांड्यात ४ टक्के ॲसेटिक आम्ल भरून २२ अंशांना २४ तास ठेवतात, मग त्यात किती शिसं आणि कॅडमियम उतरलं ते मोजतात. एका प्रकारचे चार सारखे नग द्यावे लागतात. मर्यादा भांड्याच्या आकारावर ठरते. आतली खोली २५ मिलिमीटरपर्यंत असेल तर भांडं पसरट धरतात आणि उतरलेला धातू दर चौरस डेसिमीटरला मोजतात : आंतरराष्ट्रीय मानकात शिसं ०.८ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.०७. त्याहून खोल असेल तर तो दर लिटरला मोजतात.

माझं ताट थाळीसारखं, उभ्या काठाचं. आतली खोली २२ मिलिमीटर. प्रयोगशाळेतल्या नोंदणीच्या काउंटरवर त्याची उंची टेबलापासून मोजली गेली, खालच्या पायासकट, आणि नोंद झाली 'खोलगट'. अहवाल आला तो मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. रिसॉर्टच्या खरेदी विभागाने तो लगेच परत केला, आणि त्यांचं बरोबर होतं.

पुढची उत्तरं मी अजून विसरलेले नाही. "मॅडम, निघालेला रिपोर्ट बदलत नाही." "नवीन नमुने द्या, नवीन फी भरा." फोन करावा तर तंत्रज्ञ जेवायला गेलेले, मेल करावा तर तो नोंदणीकडे पाठवलेला. इकडे रिसॉर्टच्या उद्‌घाटनाची तारीख जवळ येत होती आणि माझी ताटं खोक्यांत पडून होती. पोटात नुसता गोळा उठायचा. ज्याने ताट पुन्हा मोजायचं तो माणूस माझ्यासमोर येतच नव्हता.

शेवटी मी स्वतः गेले. ताटावर आडवी पट्टी ठेवली, आतल्या तळापासून पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत स्टीलची मोजपट्टी उभी धरली आणि तंत्रज्ञांना बोलावून वाचायला लावलं. आयुष्यभर मापं घेतली आहेत, एक मिलिमीटर मी सोडत नाही. मग मी दुसरा मुद्दा मांडला : चाचणी करताना किती मिलिलिटर आम्ल भरलं ते तुमच्या नोंदवहीत आहे आणि आम्ल भिडलेल्या गोलाचा व्यास मोजता येतो. माझ्या ताटाचं ते क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौरस डेसिमीटर भरतं. दर लिटरचा आकडा गुणिले आम्लाचे लिटर, भागिले क्षेत्रफळ. नवीन चाचणी लागतच नाही. तंत्रज्ञ भले गृहस्थ निघाले, त्यांनी तिथल्या तिथे हिशेब करून पाहिला. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला सुधारित अहवाल काढता येतो, मूळ अहवालाचा उल्लेख करून. तो निघाला, शिसं आणि कॅडमियम दोन्ही मर्यादेच्या आत. रिक्षात बसल्यावर मला अक्षरशः रडू आलं.

म्हणून नमुने देताना अर्जावर स्वतःच्या अक्षरात लिहा : 'पसरट, आतली खोली अमुक मिलिमीटर, निकाल चौरस डेसिमीटरमध्ये हवा'. त्यावर त्यांचा शिक्का घ्या आणि फोटो काढून ठेवा. ताट, वाटी आणि कॉफीचा मग हे तीन वेगळे नमुने, 'सेट' म्हणून एकत्र नोंदवू देऊ नका. मगसाठी शिशाची मर्यादा वाटीपेक्षा कडक आहे, दर लिटरला ०.५ मिलिग्रॅम. ओठ लागतो तिथे, वरच्या कडेपासून २० मिलिमीटरपर्यंत, मी बाहेरूनही रंग ठेवत नाही.

आठवलं म्हणून : कपड्यांचा ट्रेडमार्क वर्ग २५ मध्ये असतो, ताटांना वर्ग २१ मध्ये वेगळा अर्ज करावा लागतो. व्यक्ती किंवा छोट्या उद्योगासाठी ऑनलाइन फी दर वर्गाला ४,५०० रुपये आहे. जीएसटीत पोर्सेलीनच्या भांड्यांचा एचएसएन (वस्तूचा संकेतांक) ६९११ जोडला तेव्हा अडचण आली नाही. पण भट्टीची जागा वेगळी असेल तर ती 'अतिरिक्त जागा' होते आणि तिला अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ते काम आधी सुरू करा.

सोन्याची कड मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, हे खोक्यावर मराठीत छापा. आणि छापणाऱ्याने लाल रंगाचा पुरवठादार बदलला तर जुना अहवाल त्या ताटांना लागू नाही. पुन्हा चार नग पाठवा.