पणजोबा, कोतवाल बुक आणि दारव्हा

आमच्या घरी पणजोबांबद्दल एवढंच माहीत, की वावरात पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तिशीच्या आतच गेले, आजोबा तेव्हा रांगत होते. फोटो नाही, काही नाही. दिवाळी झाल्यावर म्हंटलं चला बघूच, आणि कारंज्याहून एसटीने दारव्हा गाठलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूला फुटलेला कापूस, मधे तुरीची तासं, आणि दारव्ह्यात शकुंतला रेल्वेचे ते बारके रूळ गवतात गडप झालेले. मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातला कापूस न्यायला टाकली होती, आता गाडीच बंद.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममधल्या बाबूंनी वर न बघताच विचारलं, "कोतवाल बुक पाह्यजे का? व्हॅलिडिटीले?" कोतवाल बुक म्हणजे गावच्या कोतवालाची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, आणि इकडे जुने कागद शोधायला येणारा माणूस व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जात पडताळणीसाठीच आलेला असतो, दुसरं कारण त्यांना सुचतच नाही. म्हंटलं नाही हो, पणजोबांच्या मृत्यूची नोंद बघायचीये. "मंग बसा," म्हणाले आणि फडक्यात बांधलेला गठ्ठाच समोर ठेवला. सगळं मोडीत, मला ओ की ठो कळेना. बाहेर अर्ज लिहून देणारे एक काका मोडी वाचतात, पानामागे पैसे घेतात पण घेऊ देत, त्यांचं बोट काय सरसर फिरतं!

साल १९१८. पणजोबांचं नाव, बापाचं नाव, वय २६, कारण ताप. साप नाहीच! काका म्हणाले थांबा, वरची नोंद पाहा. वर ताप, खाली ताप, पान उलटलं तरी ताप, महिना ऑक्टोबर. म्हणजे मानमोडी, ती इन्फ्लुएंझाची साथ. त्या साली पावसानेही दगा दिलेला, आणि ही साथ म्हातारे सोडून वीस ते चाळीसची धडधाकट माणसं उचलायची, मध्य प्रांत-वऱ्हाडात तर फारच माणूस गेला. कोतवाल काही डॉक्टर नव्हता, त्याने सरसकट ताप लिहिला.

नक्कल घेऊन संध्याकाळी गावात आबाजींकडे, म्हणजे चुलत आजोबांकडे गेलो. ते ऐकून घेईनात. "साप नोयता म्हनतं? मंग आपल्या धुऱ्यावर नागपंचमीले दूध कायले ठेवतो बाप्पा आपन?" मी वाद घातला नाही. घरोघरी माणूस गेला त्या साली कोण कशाने गेला हे कोण लक्षात ठेवणार, आणि सापाची गोष्ट निदान एकट्या पणजोबांची तरी होती असं मला वाटतं.

आबाजींनी नक्कल मात्र घडी करून खिशात घातली. "राहू दे इथंच, नातवाच्या व्हॅलिडिटीले कामी येईन."