रात्री दहानंतरचे व्होल्टेज

श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी फोन वाजला, तेव्हा मी गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका पॅकिंग यंत्राचे कंट्रोल पॅनेल उघडून बसलो होतो. पलीकडून मार्दोळजवळच्या एका मेस्तांचा, म्हणजे सुतारांचा, मुलगा बोलत होता. "सर, काल रात्री दुसराही गेला," एवढेच तो म्हणाला. दुसरा म्हणजे त्याच्या घरी बांधलेल्या सीएनसी यंत्राचा, संगणकाच्या आज्ञेनुसार लाकडात नक्षी कोरणाऱ्या यंत्राचा, दुसरा मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरीला करंट मोजूनमापून देणारा बोर्ड. पहिला बारा दिवसांपूर्वी जळाला होता आणि तेव्हाही त्याने मलाच फोन केला होता. मी कामाच्या गडबडीत, सप्लाय कोणता आणि किती व्होल्टचा हे न विचारताच, "माल खराब निघाला असेल, नवीन घाल," असे सांगून मोकळा झालो होतो. ते माझे चुकले होते. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आली होती आणि मखराच्या बारा नक्षीदार फळ्यांपैकी पाचच त्याच्या हातून झाल्या होत्या. दुपारचे काम आटोपून मी व्होल्टेजचा चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणारा ऑसिलोस्कोप, मल्टिमीटर आणि वर्कशॉपमधले दोन जादा ड्रायव्हर पिशवीत घातले आणि थेट त्याच्याकडे गेलो.

मेस्तांची शेड घराच्या मागे, कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेला आहे. बापलेक दिवसा हातकाम करतात आणि जेवणानंतर मुलगा यंत्र लावतो. यंत्र त्याने दीड वर्ष खपून स्वतः उभे केले आहे आणि त्याची बांधणी पाहून मला खरोखर आनंद झाला. लोखंडी चौकट, १६ मिलिमीटर जाडीचे व ५ मिलिमीटर आट्याचे (एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवणारे) बॉलस्क्रू, कोरणारे हत्यार वाहणारी आडवी कमान, म्हणजे गॅन्ट्री, दोन्ही बाजूंनी ओढणाऱ्या दोन मोटरी, शिवाय आडव्या आणि उभ्या अक्षाला एकेक, अशा एकूण चार नेमा २३ स्टेपर मोटरी, म्हणजे ठरावीक छोट्या टप्प्यांनी (स्टेपनी) फिरणाऱ्या मोटरी. नेमा २३ या नावाचा अर्थ फक्त मोटरीच्या तोंडाचे माप, म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर, एवढाच असतो; त्यावरून मोटरीची ताकदही कळत नाही आणि तिला कोणता ड्रायव्हर लागेल हेही कळत नाही. ते कळते तिच्या तक्त्यातल्या तीन आकड्यांवरून, आणि मुलाने तो तक्ता जपून ठेवला होता: प्रत्येक फेजला (कॉइलच्या गटाला) २.८ अँपिअर करंट, ०.९ ओहम रोध आणि २.५ मिलिहेन्री इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला कॉइल करते तो विरोध.

मी प्रथम जळालेला ड्रायव्हर उघडला. टीबी६६०० नावाने बाजारात सर्रास मिळतो तो हा प्रकार; वर ९ ते ४२ व्होल्ट आणि ४ अँपिअर असे छापलेले. चिपच्या पाठीवर हरभऱ्याच्या डाळीएवढा खड्डा पडला होता, भोवती तपकिरी काजळी होती आणि बोर्डाला अजून जळका वास येत होता. असा खड्डा पाहिला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सप्लाय चालू असताना मोटरीची वायर काढली होती का, किंवा स्क्रू सैल होऊन ती सुटली होती का? वाहता करंट एकाएकी तुटला की कॉइल आपली ऊर्जा ड्रायव्हरच्या अंगावर फेकते आणि त्यात ड्रायव्हर जातात. मुलगा ठामपणे नाही म्हणाला. मीही भिंगाखाली सगळी टर्मिनले पाहिली. कुठे ठिणगीचा डाग नव्हता. शिवाय दोन्ही वेळा जळालेला ड्रायव्हर गॅन्ट्रीच्याच मोटरीचा होता आणि दोन्ही वेळा रात्र होती.

मग मी टेबलाखाली ठेवलेला सप्लाय पाहिला आणि बारा दिवसांपूर्वी हा एक प्रश्न विचारला असता तर, असे मनात आल्यावाचून राहिले नाही. तो तयार एसएमपीएस, म्हणजे आउटपुट आपोआप स्थिर राखणारा सप्लाय, नव्हता. एका दुकानदाराने बांधून दिलेला ३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, पुढे एसीचे डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आणि ते व्होल्टेज साठवून सपाट करणारा २२०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, एवढाच त्याचा पसारा होता. यंत्राला सुरुवातीला २४ व्होल्टचा एसएमपीएस होता. पण गॅन्ट्री मिनिटाला ५,००० मिलिमीटरच्या वेगाने परत नेताना मोटरींच्या स्टेप चुकत आणि पुढची नक्षी दोन-तीन मिलिमीटर बाजूला सरके, म्हणून व्होल्टेज वाढवण्याचा सल्ला त्याला मिळाला होता.

तो सल्ला चुकीचा नव्हता, हे मी बापलेकांना बसवून समजावले, कारण मेस्तांच्या मनात एक शंका होती आणि ती अगदी योग्य होती. "बाब, २.८ गुणिले ०.९ म्हणजे अडीच व्होल्ट. अडीच व्होल्टच्या मोटरीला चोवीस कमी कसे पडतात?" उभी असलेली मोटर अडीच व्होल्टवरही पूर्ण करंट घेते, पण फिरताना प्रत्येक स्टेपला कॉइलमधला करंट नव्याने चढवावा लागतो आणि कॉइल त्याला विरोध करते. २.५ मिलिहेन्रीच्या कॉइलमध्ये २४ व्होल्टने २.८ अँपिअर चढायला, इतर अडथळे सोडून दिले तरी, साधारण ०.२९ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ५,००० मिलिमीटर म्हणजे ५ मिलिमीटर आट्याच्या स्क्रूचे १,००० फेरे, आणि फेऱ्याला २०० स्टेप धरले तर एका स्टेपला मिळतात ०.३ मिलिसेकंद. करंट जेमतेम चढतो तोच पुढची स्टेप येते, त्यात फिरती मोटर स्वतःच उलट व्होल्टेज तयार करत असते, म्हणून ताकद गळते आणि स्टेप चुकते. ३६ व्होल्ट दिले तर तोच करंट ०.१९ मिलिसेकंदात चढतो. पुरेसा करंट चढला की ड्रायव्हर सप्लाय क्षणाक्षणाला तोडून-जोडून त्याला तिथेच रोखून धरतो, म्हणून अडीच व्होल्टची मोटर जास्त व्होल्टेजवर जळत नाही. मेस्तांनी हे सगळे ऐकून घेतले आणि "म्हणजे लवकर भरावे लागते," असे म्हटले. याहून नेमके मलाही सांगता आले नसते.

प्रश्न होता तो किती व्होल्ट, याचा. मुलाने हिशेब केला होता: कपॅसिटर लाटेच्या माथ्यापर्यंत भरतो, म्हणून ३० गुणिले १.४ म्हणजे ४२, आणि ड्रायव्हरवरही ४२ च छापले आहेत, तेव्हा बरोबर बसते. गणित बरोबर होते, पण ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले ३० व्होल्ट पूर्ण भार असतानाचे असतात; भार नसताना ते दोन-एक व्होल्टने जास्त भरतात. संध्याकाळी पाच वाजता मी मोजले. मेन्स, म्हणजे घरात येणारी वीज, २२८ व्होल्ट, कपॅसिटरवर ४३.१. म्हणजे यंत्र नुसते उभे असतानाच छापील मर्यादा ओलांडलेली होती. तरीही एवढ्या फरकाने चिपला खड्डा पडत नाही, कारण आतल्या चिपची निर्वाणीची मर्यादा ५० व्होल्ट असते. वरचे सात व्होल्ट कुठून येत होते, ते शोधायचे होते.

मी गॅन्ट्रीच्या दोन्ही मोटरींना माझ्याबरोबर आणलेले, ८० व्होल्टपर्यंत चालणारे ड्रायव्हर जोडले, उरलेले दोन जुने ड्रायव्हर सप्लायपासून वेगळे केले आणि कपॅसिटरवर ऑसिलोस्कोप लावून गॅन्ट्री पूर्ण वेगाने पुढे-मागे पळवायला सांगितले. पळताना रेघ थोडी खाली येई. थांबताना मात्र ती उसळून ४६.२ वर जाई आणि हळूहळू उतरे. फिरत्या वस्तूला थांबवताना मोटर काही क्षण जनित्र होते आणि तिची ऊर्जा ड्रायव्हरमधून उलट सप्लायकडे येते. इथे गॅन्ट्रीच्या वजनापेक्षा दोन लांब स्क्रू आणि दोन रोटर यांच्या फिरण्यातच अधिक ऊर्जा साठलेली होती, आणि ती सामावून घ्यायला २२०० मायक्रोफॅरडचा तो एकटा कपॅसिटर फारच लहान होता. एवढ्या करंटच्या साध्या सप्लायला मी त्याच्या चौपट तरी घातला असता.

तरीही बेरीज ४६ च होत होती. पाऊस धरून आला होता. मेस्तांच्या घरून चहा आणि भाकरी आली आणि आम्ही रात्रीची वाट पाहत बसलो, कारण "दोन्ही वेळा रात्री" हे शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हते. साडेनऊला मेन्स २३६ झाले. आजूबाजूची घरे निजू लागली, पंप बंद झाले, लाइनीवरचा भार उतरला आणि सव्वादहाला मल्टिमीटरवर २४७ दिसू लागले. ट्रान्सफॉर्मरला स्वतःला आवर घालण्याची सोय नसते. मेन्स जेवढ्या टक्क्यांनी चढते तेवढ्याच टक्क्यांनी त्याचे आउटपुट चढते. कपॅसिटरवर आता ४६.७ होते. मुलाने गॅन्ट्री पळवली. थांबताना रेघ ४९.६ वर गेली आणि त्या उसळीच्या माथ्यावर, टेबलाखालून दीड मीटर आलेल्या सुट्या वायरींमुळे उठणारी बारीक टोके ५१ च्याही वर जाऊन येत होती. मी पडदा गोठवून तिघांच्या मधे ठेवला. मुलगा बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे माल खराब नव्हता." नव्हता. ते त्याला माझ्याकडून पहिल्या फोनलाच कळायला हवे होते, आणि मी तसे त्याला बोलून दाखवले.

त्याच रात्री, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करून ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवल्यावर, आम्ही नवीन निवड कागदावर केली. स्टेपर मोटरींच्या कामात रूढ असलेला एक ठोकताळा आहे: मिलिहेन्रीच्या आकड्याचे वर्गमूळ काढून त्याला ३२ ने गुणायचे. २.५ चे वर्गमूळ १.५८, म्हणून उत्तर साधारण ५० व्होल्ट. अनेक जण या आकड्याला ध्येय समजतात. माझ्या मते ती वरची सीमा आहे. तिच्या पुढे मोटर नाहक तापते आणि हाती काही लागत नाही. ड्रायव्हर आम्ही डीएम५४२ ठरवले, ज्याची मर्यादा ५० व्होल्ट आणि ४.२ अँपिअर आहे, आणि सप्लाय ३६ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे थांबतानाच्या उसळीला १४ व्होल्टची मोकळी जागा राहते आणि मेन्स चढले तरी आउटपुट जागेवरून हलत नाही. ४८ व्होल्टचा सप्लाय त्याच खोक्यात मिळतो आणि ५० च्या ड्रायव्हरला तो लावणारे लोक मी पाहिले आहेत. मी तो कधीही लावणार नाही.

अँपिअरच्या बाबतीत मुलगा १५ चा आग्रह धरत होता, कारण चार मोटरींचे २.८ प्रमाणे ११.२ होतात. पण ड्रायव्हर व्होल्टेज उतरवून करंट वाढवणारे साधन आहे, मोटरीत २.८ अँपिअर वाहत असताना सप्लायमधून तेवढे जात नाहीत. एका मोटरीच्या कॉइलमध्ये उष्णता म्हणून फार तर १४ वॉट खर्च होतात, उरते ते प्रत्यक्ष काम आणि ड्रायव्हरमधला ऱ्हास. बेरजेच्या दोन तृतीयांश, म्हणजे साडेसात अँपिअर धरले तरी पुरते. बाजारातला ३५० वॉटचा, ९.७ अँपिअरचा एसएमपीएस त्यासाठी भरपूर होता.

सप्लाय आणि ड्रायव्हर येऊन आम्ही ते बसवले तो पुढचा शुक्रवार. वीज देण्यापूर्वी मी सप्लायच्या जाळीतून बॅटरीचा प्रकाश टाकून पाहिले; आत एक छोटा लाल सरकता स्विच असतो, तो ११५ वर होता. तसाच २३० ला जोडला असता तर पहिल्याच सेकंदाला स्फोट झाला असता. पातळ स्क्रूड्रायव्हरने तो सरकवला तेव्हा 'टक्' आवाज स्पष्ट ऐकू आला. प्रत्येक ड्रायव्हरला सप्लायपासून वेगळी, पीळ दिलेली वायरजोडी नेली, एकाच्या टर्मिनलवरून दुसऱ्याला पूल दिला नाही. ड्रायव्हरचे डिप स्विच, म्हणजे करंट ठरवणारे छोटे सरकते स्विच, ३.३१ अँपिअरच्या ओळीवर लावले. हा आकडा लाटेच्या माथ्याचा असतो, सरासरीच्या हिशेबाने तो २.३६ होतो, म्हणून तक्त्यातल्या २.८ च्या आतच राहतो. उभे असताना करंट निम्म्यावर आणणारा स्विचही चालू ठेवला. वरचा वेग मी मुलाच्या मनाविरुद्ध ५,००० वरून ४,००० वर आणला, कारण परतीच्या प्रवासात वाचणाऱ्या चार सेकंदांसाठी फणसाची सुकवलेली फळी पणाला लावणे मला पटत नव्हते. सप्लायचा पंखा भुसा ओढणार नाही अशा बेताने खोके टेबलाखालून काढून भिंतीवर, खिडकीजवळ टांगले. आमच्याकडच्या दमट हवेत भुसा बोर्डावर बसला की तो चिकटूनच राहतो.

साडेदहाला मेन्स २४८ होते. सप्लायचे आउटपुट ३६.० दाखवत होते, आणि गॅन्ट्री थांबताना ते ३८ च्या आसपास जाऊन परत येत होते. दोन तास यंत्र न थांबता चालले. ड्रायव्हरच्या पाठीवर हात ठेवला तर तो कोमट लागत होता. सहावी फळी उतरली, तेव्हा मेस्तांनी ती पाचवीला चिकटवून उजेडात धरली, वेलीचा देठ एका फळीतून दुसरीत जिथे शिरतो त्या सांध्यावरून अंगठा दोनदा फिरवला, आणि मुलाला सातवी बसवायला सांगितली.